पावसाळ्याच्या तोंडावर एएसव्हीचा (सर्पदंशावरच्या लसीचा) तुटवडा: तालुक्यातला साठा कसा फिरवायचा?

भांडार_तळकोकण

नमस्कार. १०० खाटांचं उपजिल्हा रुग्णालय, ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय आणि सात पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्रं) असा आमचा तालुका. एएसव्हीची ऑर्डर दरकरारावर (शासनाने आधी ठरवलेल्या दराने) गेलेली आहे, पण पुरवठादार सहा आठवड्यांच्या आत माल नाही म्हणतो. आजचा साठा: उपजिल्हा ६४, ग्रामीण २२, पीएचसींकडे अनुक्रमे ३, ४, २, ११, ६, ०, ९. एकूण १२१ व्हायल. सगळ्या पावडरच्या, पॉलिव्हॅलंट (एकापेक्षा जास्त सापांच्या विषावर चालणाऱ्या).

गेल्या जून-जुलैच्या ६१ दिवसांत दंशाचे ४१ रुग्ण आले, १९ जणांना एएसव्ही दिली, २६२ व्हायल गेल्या. केसपेपर काढून फोड केली ती अशी: फुरसं ११ रुग्ण, १७६ व्हायल. घोणस ३ रुग्ण, ४८. नाग-मण्यार ३ रुग्ण, ३०. चापडा २ रुग्ण, ८. त्या हिशेबाने सहा आठवड्यांना १८० लागतील आणि हातात १२१ आहेत.

प्रत्येक पीएचसीने किमान पाच-पाच तरी द्या म्हणून पत्र दिलंय. तशी वाटणी करावी का? आणि रुग्णाला धोका न होता वापर कुठे कमी होऊ शकतो?

---

जुना_स्टोअरकीपर

पाच-पाच हा सगळ्यात वाईट पर्याय. विषबाधेची लक्षणं असलेल्या रुग्णाला पहिलाच डोस १० व्हायलचा लागतो, फुरसं नक्की असेल तर ६ चा. पाच व्हायल असलेल्या पीएचसीतला डॉक्टर एकतर पाच देऊन पुढे पाठवणार, म्हणजे अर्धवट डोस, किंवा हात न लावता पाठवणार, म्हणजे त्या पाच कपाटात पडून. सात ठिकाणी ३५ व्हायल अडकतील आणि पुरा डोस एकाही ठिकाणी मिळणार नाही. आजची स्थिती तरी काय वेगळी आहे? पीएचसींकडे ३५ च आहेत आणि १० चा डोस फक्त ११ वाल्या ठिकाणी देता येतो.

तुटवड्यात एएसव्ही व्हायलमध्ये मोजू नका, रुग्णांमध्ये मोजा. तुमच्याकडे १२ पहिले डोस आहेत आणि वर एक सुटी व्हायल. पीएचसीला १० द्यायच्या किंवा काहीच नाही. अधलंमधलं ठेवायचं नाही.

वाटणीच्या आधी मोजणी. ई-औषधीवर (साठ्याच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत) दिसतो तो भांडारातला आकडा. वॉर्डला इश्यू झाली की सिस्टिमच्या लेखी ती खर्ची पडली, मग ती खरी वापरलेली असो वा नसो. तेव्हा कॅज्युअल्टीचा इमर्जन्सी ट्रे, आयसीयूची क्रॅश कार्ट, मेडिसिन वॉर्डचं कुलूपबंद कपाट, पीएचसीतल्या लेबर रूमचा फ्रिज, हे सगळं उघडून बघायचं. उलटंही निघतं: रजिस्टरला ९, कपाटात ६, आणि तीन शेजारच्या संस्थेला उसन्या गेलेल्या, चिठ्ठी न लिहिता. सगळी मोजणी एकाच दिवसात उरका. दोन दिवस लागले की आज इथे मोजलेली व्हायल उद्या तिथे पुन्हा मोजली जाते. मोजताना बॅच, मुदत, पावडर की द्रव, आणि सोबतचं विरघळवायचं पाणी आहे की नाही, एवढं लिहून घ्या.

खपाचा अंदाज जून-जुलैवरून काढलात ते बरं केलंत. वार्षिक सरासरी काढली की मार्च-एप्रिलचे कोरडे महिने आकडा खाली ओढतात आणि पेरणी-लावणीच्या दिवसांत आपण उघडे पडतो. फक्त एक तपासा. त्या ६१ दिवसांत साठा शून्य असलेले दिवस होते का? समजा दहा दिवस माल नव्हता, तर २६२ ला ६१ ने नाही, ५१ ने भागायचं. रोजचा खप ४.३ ऐवजी ५.१ येतो आणि सहा आठवड्यांची गरज १८० वरून २१६ वर जाते. नसलेल्या मालाचा खप रजिस्टरमध्ये दिसत नाही, आणि ज्या वर्षी तुटवडा होता त्याच वर्षाच्या आकड्यावर पुढच्या वर्षीची मागणी कमी जाते. हे दुष्टचक्र बऱ्याच ठिकाणी चालू असतं.

माझी मांडणी: सातांपैकी ज्या चार पीएचसी लांब आहेत त्यांना १० प्रमाणे ४०. ग्रामीण रुग्णालयात २०. उरलेल्या ६१ उपजिल्ह्यात. जवळच्या तीन पीएचसी रिकाम्या.

लाल रेषाही आत्ताच ठरवून ठेवा. उपजिल्ह्यात ३० उरल्या की जिल्ह्याकडे लेखी मागणी आणि फोन. २० उरल्या की शेजारचा तालुका आणि मेडिकल कॉलेजकडे उसनवारीची विचारणा. २० चा आकडा उगाच नाही: मण्यारीचा एक रुग्ण तास-दोन तासांत २० व्हायल घेऊ शकतो. त्या रेषेखाली गेलात की एकाच रात्रीत साठा संपू शकतो.

---

फिजिशियन_घाटमाथा

वापराच्या प्रश्नाला उत्तर देतो. आधी एक स्पष्ट करतो: डोस कमी-जास्त करणं भांडाराच्या अखत्यारीत येत नाही. वैद्यकीय अधीक्षक आणि फिजिशियन यांच्या सहीचं एक पान काढा, सगळ्या संस्थांना पाठवा, मग अंमल.

तुमच्या फोडीतच उत्तर आहे. फुरशाच्या ११ रुग्णांना १७६, म्हणजे प्रत्येकी १६. याचा अर्थ पहिला डोस १० आणि सहा तासांनी पुन्हा ६. केंद्राच्या २०१७ च्या उपचार मार्गदर्शिकेत रक्तदोष करणाऱ्या सापांसाठी दोन पद्धती दिल्या आहेत. जास्त डोसवाली: १० लगेच, मग रक्त गोठेपर्यंत दर सहा तासांनी ६. कमी डोसवाली: घोणशीला १० किंवा फुरशाला ६ लगेच, अर्ध्या तासात, मग दर सहा तासांनी २ व्हायल १०० मिलि सलाईनमधून, रक्त गोठेपर्यंत किंवा तीन दिवस, जे आधी होईल ते. तुटवड्यात दुसरी पद्धत का घेऊ नये, याचं कारण मला दिसत नाही.

हिशेब करू. फुरसं: ६ + २ + २ = १०, गुणिले ११, म्हणजे ११०. घोणस: हा साप विष जास्त सोडतो, तेव्हा दोनऐवजी तीन पुढचे डोस धरू, १० + २ + २ + २ = १६, तीन रुग्ण, ४८. इथे बचत धरत नाही. नाग-मण्यार ३०. चापडा शून्य. बेरीज १८८, म्हणजे सहा आठवड्यांना साधारण १३०. हातात १२१. खड्डा ६० चा होता तो ९ वर आला. एक पथ्य मात्र पाळायचं: साप ओळखू आला नाही आणि रक्त गोठत नाही, तर तो फुरसं समजायचा नाही. पहिला डोस १० चाच.

चापड्याला शून्य का, हे सगळ्या पीएचसींना परत सांगा. आपली पॉलिव्हॅलंट लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्याच विषावर बनते. हिरवा चापडा त्यात नाही, समुद्रसापही नाही. त्या ८ व्हायल रुग्णाच्या काही कामाच्या नव्हत्या, रिअॅक्शनचा धोका तेवढा घेतला. अशा रुग्णाला हात-पाय उंच ठेवणं, पॅरासिटामॉल, धनुर्वाताचं इंजेक्शन आणि निरीक्षण. मोबाईलवर फोटो असेल तर बघा, पण साप मारून आणायला कुणाला सांगू नका.

आता खरी गळती. २० मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी. बहुतेक रुग्णालयांच्या प्रयोगशाळेत आज प्लास्टिकच्या व्हॅक्युटेनर (रक्त घ्यायच्या नळ्या) असतात. प्लास्टिकमध्ये रक्त नीट गोठत नाही. काचेची नळी साबणाने धुतलेली असली तरी तेच होतं, कारण रक्त गोठायला सुरुवात होते ती काचेच्या पृष्ठभागाशी संपर्क आल्यावर आणि साबणाचा थर तो संपर्क तोडतो. ओल्या नळीचंही तसंच. मग निरोगी माणसाचं रक्तही 'गोठलं नाही' दिसतं आणि १० व्हायल उघडल्या जातात. कोरी, कोरडी, काचेची नळी, २ मिलि ताजं रक्त, हलवायची नाही, टेबलावर २० मिनिटं, मग एकदाच तिरकी करायची. शंका आली तर सोबतच्या नातेवाइकाचं रक्त दुसऱ्या नळीत घ्या. तेही गोठलं नाही तर दोष नळीचा.

म्हणून भांडाराने एएसव्हीबरोबर काचेच्या नळ्यांचा साठा बघायचा. सहा आठवड्यांत अंदाजे २८ रुग्ण, प्रत्येकी ८ ते १०. ३०० नळ्या आजच मागवा. एका व्हायलच्या किमतीपुढे हा खर्च काहीच नाही.

दुसरी गळती: चाचणी सहा तासांच्या आत पुन्हा करून 'अजून गोठत नाही' म्हणून पुढचा डोस देणं. लशीने विष निष्प्रभ केलं तरी रक्त गोठवणारे घटक यकृताला नव्याने बनवावे लागतात, त्याला तेवढा वेळ जातोच. दोन तासांनी चाचणी केली तर ती बिघडलेलीच येणार. तिसरी: कातडीवरची टेस्ट डोस. तिने रिअॅक्शनचा अंदाज येत नाही, एक व्हायल मात्र फुटते. चौथी: लक्षणं नसताना केवळ नातेवाईक आरडाओरडा करतात म्हणून दिलेली लस. २४ तास निरीक्षणात ठेवा, लक्षण दिसलं तर द्या.

आणि जिथे वाचवायचं नाही ते: लहान मुलं. सापाने विष तेवढंच सोडलेलं असतं, म्हणून मुलांनाही व्हायल मोठ्यांइतक्याच. वजनाप्रमाणे फक्त सलाईनचं प्रमाण कमी होतं. गरोदर स्त्रियांनाही डोस तोच.

नाग-मण्यारीला पहिला डोस १०, तासाभरात सुधारणा नसेल तर अजून १०, आणि तिथे थांबायचं. त्यापुढे लस ओतून श्वास परत येत नाही, व्हेंटिलेटर लागतो. निओस्टिग्मिन-अॅट्रोपिनचा साठा बघून ठेवा: आधी ०.६ मिग्रॅ अॅट्रोपिन, निओस्टिग्मिनचा पहिला डोस १.५ मिग्रॅ, मग दर अर्ध्या तासाने ०.५ मिग्रॅ असे पाचपर्यंत. ०.५ मिग्रॅच्या अँप्युल असतील तर एका रुग्णाला ८ ते १०. नागाच्या दंशात याचा चांगला गुण येतो, मण्यारीत बहुधा येत नाही. फरक पडला नाही तर ओढत बसू नका.

---

एमओ_डोंगरपलीकडे

स्टोअरकीपर सरांचं १० किंवा शून्य पटलं. पण 'जवळची' पीएचसी म्हणजे कुठली, हे नकाशावरून ठरवू नका. १२ किलोमीटरवरची पीएचसी दिवसा जवळ असते. रात्री १०८ ची रुग्णवाहिका दुसऱ्या कॉलवर गेलेली असते, पीएचसीच्या गाडीचा ड्रायव्हर सुट्टीवर असतो आणि ओढ्याला पाणी आलेलं असतं. मग तीच पीएचसी दोन तासांवर जाते. मण्यारीचा रुग्ण बरेचदा पहाटे येतो, जमिनीवर झोपलेला, चावल्याची खूण नाही, पोटात दुखतंय म्हणून. त्याच्याकडे दोन तास नसतात.

प्रत्येक पीएचसीला दोनच प्रश्न विचारा. रात्री ११ ते सकाळी ६ गाडी आणि ड्रायव्हर दोन्ही नक्की आहेत का? पाऊस जोरात असताना उपजिल्ह्याला पोचायला प्रत्यक्ष किती वेळ लागतो? दोन्हींतलं एक उत्तर जरी डळमळीत आलं तरी तिथे १० ठेवा. तुमच्या तीन 'जवळच्यां'पैकी एक तरी यात सापडेल असं वाटतं. मग पाच पीएचसींना ५०, ग्रामीणला २०, उपजिल्ह्यात ५१.

रिकाम्या राहणाऱ्या दोन पीएचसींच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावा की सर्पदंशाच्या रुग्णाला थेट उपजिल्हा रुग्णालयात न्यावं, आणि सरपंच, आशा, पोलीस पाटील यांना आधीच सांगा. हे न करता साठा उचललात तर पहिल्याच घटनेला जिल्हा परिषदेच्या सभेत 'लस होती ती नेली कुणी' हा प्रश्न येणार, आणि तो चुकीचाही नसेल.

---

भांडार_तळकोकण

सगळ्यांचे आभार. काल मोजणी केली. कॅज्युअल्टीच्या ट्रेमध्ये ४ व्हायल जास्तीच्या निघाल्या, एका पीएचसीत ३ कमी भरल्या. आता १२२. गाडीच्या प्रश्नावर तिसरी पीएचसी खरंच गळली, तेव्हा पाच ठिकाणी १०.

अजून अडतंय ते हे. पीएचसी जिल्हा परिषदेच्या, म्हणजे डीएचओंकडे (जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे). आम्ही सिव्हिल सर्जनकडे. इकडचा माल तिकडे न्यायला दोन्हीकडचे लेखापाल कागद मागतात. दुसरं, ११ वाल्या पीएचसीतल्या सगळ्या ११ ची मुदत पुढच्या महिन्यात संपते. तिसरं, खासगी दवाखान्यांतून नातेवाईक चिठ्ठी घेऊन येतात, त्यांना काय सांगायचं?

---

जिल्हा_भांडार

कागद: सिव्हिल सर्जन आणि डीएचओ दोघांच्या सहीचा एकच पुनर्वाटप आदेश काढून घ्या. त्यात संस्थानिहाय आकडा, किती दिवसांसाठी आणि दरकराराचा माल आल्यावर कुणाला किती परत, हे तिन्ही लिहा. 'आवश्यकतेनुसार' हा शब्द आदेशात येऊ देऊ नका, त्याच्यावरच पुढे भांडणं होतात. माल हलवताना ई-औषधीवर हस्तांतरण आणि सोबत दोन प्रतींचं चलन, बॅच व मुदतीसह. घेणाऱ्याने सिस्टिमवर स्वीकृती टाकली नाही तर तो माल तुमच्याकडेही दिसत नाही आणि त्याच्याकडेही दिसत नाही. चलनाची सही आणि स्वीकृती गाडी परत निघायच्या आत झाली पाहिजे. नंतर टाकतो म्हणालेलं कधी टाकलं जात नाही.

मुदत संपत आलेल्या ११: आजच उपजिल्ह्यात आणा आणि तेवढ्याच लांब मुदतीच्या तिकडे पाठवा. जिथे रोज उलाढाल आहे तिथेच जवळच्या मुदतीचा माल वेळेत वापरला जातो. लांबच्या पीएचसीत नेहमी सगळ्यात लांब मुदतीचा माल ठेवायचा. लेबलवर नुसता महिना आणि वर्ष असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालते, पहिल्या दिवसापर्यंत नव्हे. ही चूक होऊन बऱ्या व्हायल लाल पेटीत गेलेल्या असतात. आणि खरोखर मुदत संपलेली व्हायल 'तुटवडा आहे, असू दे' म्हणून ट्रेमध्ये ठेवायची नाही. वेगळ्या पेटीत, नोंद करून, निर्लेखनाला (साठ्यातून रीतसर वजा करायला).

साठवण: लेबल वाचा. उत्पादकाप्रमाणे तापमानाची अट वेगळी असते आणि पावडर व द्रव यांचीही वेगळी. द्रव लस २ ते ८ अंशांतच, आणि गोठली की बाद. पीएचसीतला आयएलआर (लसीकरणाचा खास फ्रिज) फक्त लसीकरणासाठी आहे. त्यात एएसव्ही ठेवली की शीतसाखळीच्या तपासणीत शेरा येतो. साधा फ्रिज वापरा, पण फ्रीजरच्या कप्प्याला टेकवून ठेवू नका.

खासगीची चिठ्ठी: नातेवाइकाच्या हातात व्हायल द्यायची नाही. ती कुठे पोचली, कशी नेली, वापरली की नाही, काहीच कळत नाही. तिथल्या डॉक्टरने आपल्या ड्युटी डॉक्टरला फोन करावा. रुग्ण हलवण्याजोगा असेल तर आपल्याकडे घ्या, आपल्याकडे लस मोफतच आहे. हलवता येत नसेल तरच, वरिष्ठांच्या मंजुरीने, बदली व्हायल देण्याच्या लेखी हमीवर आणि आपल्या माणसाच्या हातून.

खरेदी: खड्डा ९ चा दिसतोय म्हणून ९ मागू नका. नाग-मण्यारीच्या तिघांना १० धरल्यात, त्यांतल्या दोघांना २० लागल्या तर तिथेच २० वाढतात. ४० ची स्थानिक खरेदी करा. दरकराराचा माल उपलब्ध नाही असं पुरवठादाराचं किंवा जिल्ह्याचं लेखी उत्तर जोडा, तीन दरपत्रकं, निधी रुग्ण कल्याण समितीचा किंवा जिल्हा नियोजनचा. दरपत्रकातच अटी घाला: पावडर, पॉलिव्हॅलंट, सोबत पाणी, उरलेली मुदत किमान १२ महिने, बिलावर बॅच नंबर, बॅचचा तपासणी अहवाल. उत्पादकाच्या अधिकृत वितरकाकडूनच घ्या. तुटवड्यातच कुणीतरी अनोळखी व्यापारी 'माल तयार आहे' म्हणून फोन करतो. त्याचा अहवाल आला नाही तर माल उतरवून घेऊ नका.

सहा आठवडे सांगणाऱ्या पुरवठादाराशी वाद घालून लस लवकर येत नाही. देशातल्या उत्पादकांना लागणारं विष मुख्यतः चेन्नईजवळच्या इरुळा सर्प पकडणाऱ्यांच्या सहकारी संस्थेकडून येतं. ते घोड्यांना टप्प्याटप्प्याने टोचायचं, रक्तात प्रतिपिंडं तयार व्हायची, रक्तद्रव वेगळा करायचा, शुद्धीकरण, सुकवणं, बॅचची तपासणी. यातले महिने कुणी कमी करू शकत नाही. पण तयार बॅचमधून तुकड्याने माल मागता येतो. '३०० एकदम नको, ६० आत्ता द्या, बाकी नंतर' असं लेखी विचारा. सगळ्या जिल्ह्यांनी पूर्ण ऑर्डरचा आग्रह धरला की जो आधी भांडतो त्याच्याकडे सगळा माल जातो आणि शेजारी कोरडा राहतो.

---

सिस्टर_कॅज्युअल्टी

वरचं सगळं बरोबर, पण रात्री दोनला काय चुकतं ते सांगते.

व्हायलसोबत येणारं १० मिलि पाणी. वॉर्डात सेफ्ट्रिअॅक्झोन मिसळायला पाणी संपलं की एएसव्हीच्या खोक्यातलं उचललं जातं. मग दहा व्हायल आणि चार अँप्युल पाणी. म्हणून सुट्या व्हायल ठेवूच नका, पेटी बांधा. एका पेटीत: एएसव्ही १०, पाणी १० मिलिचे १२ अँप्युल, ५०० मिलि नॉर्मल सलाईन १, आयव्ही सेट १, २० आणि २२ नंबरचे कॅन्युला दोन-दोन, १० मिलि सिरिंज ४, जाड सुया, अॅड्रेनालिन १ मिग्रॅचे ३ अँप्युल, हायड्रोकॉर्टिझोन १०० मिग्रॅ २, एव्हिल २, अॅट्रोपिन, निओस्टिग्मिन, काचेच्या कोऱ्या नळ्या ४ आणि एक छापील कागद. झाकणाला चिकटपट्टी, त्यावर तारीख आणि सही. पट्टी तुटलेली दिसली की ड्युटी बदलताना विचारायचं. सगळ्यात जवळची मुदत कुठल्या वस्तूची आहे ती पेटीवर बाहेर लिहायची. बरेचदा ती एएसव्हीची नसते, अॅड्रेनालिनची असते.

विरघळवायला घाई नको. पाणी काठाने सोडायचं आणि व्हायल तळहातात गोल फिरवायची. जोरात हलवली की फेस होतो, फेसातलं औषध सिरिंजमध्ये येत नाही आणि प्रथिनही खराब होतं. दहा व्हायल एकटीने करायच्या तर वेळ जातो, दोघी बसा. एकदम दहाही फोडू नका: डॉक्टरांनी डोस लिहिला, सलाईन चालू झालं, मग फोडा. विरघळवलेली व्हायल ठेवून देता येत नाही. नातेवाइकांनी रुग्ण मध्येच हलवला आणि सहा व्हायल गेल्या, असं होऊ शकतं. पहिली १० मिनिटं हळू सोडा आणि रुग्णाजवळून हलू नका. अंगावर गांध्या, उलटी, धाप, काहीही दिसलं की सलाईन बंद, अॅड्रेनालिन ०.५ मिग्रॅ मांडीच्या स्नायूत. शांत झालं की लस पुन्हा चालू करायची असते. रिअॅक्शन आली म्हणून उरलेली टाकून द्यायची नसते.

आणि रेफरचा कागद. पीएचसीने १० दिल्या, चिठ्ठीवर फक्त 'एएसव्ही दिली' एवढंच. वर पोचल्यावर डॉक्टरना कळत नाही किती आणि कधी, तेव्हा सुरक्षित म्हणून पुन्हा १०. एका चिठ्ठीपायी एका रुग्णाचा अख्खा डोस गेला साठ्यातून. छापील कागदावर पाच रकाने ठेवा: चावल्याची वेळ, नळीची चाचणी कधी आणि काय आली, किती व्हायल दिल्या, सुरू केल्याची वेळ, बॅच. पुढे कोल्हापूरला सीपीआरला (तिथल्या सरकारी रुग्णालयात) किंवा बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेजला) पाठवणार असाल तरी तोच कागद, आणि पहिला डोस देऊन मगच गाडी.

---

जुना_स्टोअरकीपर

सिस्टरांच्या पेटीत एक भर: रिकाम्या व्हायल फेकायच्या नाहीत. सकाळी भांडारात रिकाम्या दहा जमा, मग भरलेली पेटी बाहेर. बॅचची नोंद आपोआप होते, एकाच बॅचला रिअॅक्शन जास्त येतायत का तेही दिसतं. तसं दिसलं तर औषध दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ वर कळवा आणि ती बॅच वेगळी काढा. आणि सकाळी ९ ची ओळ ग्रुपवर अशी असावी, यापेक्षा लांब नको:

पीएचसी क्र. ४ / साठा १० / मुदत सर्वांत जवळची / काल दंश २ / एएसव्ही ० / गाडी चालू.

शेवटचा शब्द विसरू नका. एखाद्या दिवशी 'गाडी बंद' आलं आणि ती पीएचसी शून्यवाली असेल, तर त्याच संध्याकाळच्या आत तिथे एक पेटी पोचली पाहिजे.

---

भांडार_तळकोकण

आदेशाचा मसुदा आज दोन्ही कार्यालयांत दिला. नळ्या ३०० मागवल्या. पुरवठादाराने ६० पुढच्या आठवड्यात देतो असं मेलवर कळवलंय, बाकी नंतर. या ६० मधून आधी रिकाम्या दोन पीएचसी भरू की उपजिल्हा?

---

जिल्हा_भांडार

आधी त्या दोन पीएचसी, २०. उरलेल्या ४० उपजिल्ह्यात. स्थानिक खरेदीची फाईल थांबवू नका, मेलवरचा माल म्हणजे अजून गाडीत चढलेला माल नव्हे.